जरा बसा की!

आपल्या सीमाभागात कुणाच्याही घरी जा, उंबऱ्यातून आत पाऊल टाकताच पहिला शब्द कानी पडतो तो बसण्याचा. मराठी घर असेल तर ‘या, बसा की’ आणि कानडी घर असेल तर ‘बर्री, कुंद्रि’. पाणी नंतर येते, चहा त्याच्याही नंतर. आधी पाहुणा टेकला पाहिजे. कुणी घाईने निघू लागला तर ‘उभ्या उभ्या आलात आणि उभ्या उभ्या चाललात’ ही तक्रार ठरलेली. दारी आलेल्या माणसाला उभे ठेवणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो.

मग ज्यांना आपण दिवसाचे आठ-दहा तास उभे ठेवतो त्यांचे काय? खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीतून एक फेरी मारा. साड्यांचे ढीग उलगडणाऱ्या मुली, औषध दुकानातला पोरगा, चहाच्या गाड्यावरचा मामा, बँकेच्या दारातला वॉचमन. खडे बाजाराच्या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, तिथे काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ते नाव शंभर टक्के खरे आहे. वडगाव, खासबागेतले यंत्रमागावरचे विणकर पाळीभर मागापुढे उभे असतात. उद्यमबागेत लेथवरचे आणि फौंड्रीतले कामगार उभे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. आमच्यासारख्यांची सोय झाली, पण निपाणी-बेळगाव गाडीत गर्दीतून वाट काढणाऱ्या कंडक्टरला स्वतःच्या सीटवर टेकायला किती मिळते, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे. आणि या यादीत आम्ही मास्तर मंडळीही आहोतच. चार तास शिकवले आणि वर परीक्षेचे तीन तास सुपरव्हिजन केले की संध्याकाळी पायांचे तुकडे पडतात.

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बी.ए. झाल्यावर ती कापडाच्या एका मोठ्या दुकानात लागली. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. गिऱ्हाईक असो वा नसो, काउंटरमागे बसायचे नाही. कॅमेऱ्यात दिसते आणि पगारातून कापले जाते. मला म्हणाली, ‘‘मॅडम, घरी गेल्यावर आई म्हणते भाकरी थाप. ओट्यापुढं पुन्हा उभीच. रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात की रडू येतं. आणि सांगायचं कुणाला? पाय दुखतात हे काय सांगायचं कारण आहे व्हय?’’ वय तेवीस. साडीचा काठ किंचित उचलून तिने घोट्यावरची निळी, फुगीर नस दाखवली. त्या नसेमुळे आजचा हा लेख.

‘पाय दुखतात हे काय सांगायचे कारण आहे’ हे तिचे वाक्य आपल्या घराघरातले आहे. निंतु निंतु कालु नोवु बंतु, असे कानडी आजी म्हणते तेव्हा आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. आई म्हणते तेव्हा ‘बाम लाव’ म्हणतो. पण यात नेमके होते काय, हे समजून घेतले तर उपायही कळतो आणि कुठे थांबून डॉक्टरकडे जायचे तेही कळते.

आपण उभे राहिलो की सुमारे अर्धा लिटर रक्त छाती-पोटाकडून खाली पायांकडे उतरते. हृदय रक्त खाली ढकलू शकते, पण ते वर ओढून आणण्याची त्याची ताकद बेताची. ते काम करते आपली पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आत खोलवर असलेल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढते. ते परत खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी पडदे असतात, विहिरीवरच्या पंपाला फुटव्हॉल्व्ह असतो ना, तसे. म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. नुसते स्तब्ध उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांत हा दाब 20-30 पर्यंत खाली येतो. म्हणजे दोष उभे राहण्याचा नाही, न हलता उभे राहण्याचा आहे. पंप बंद, पाणी तुंबलेले, असा तो प्रकार.

तुंबलेल्या रक्तातले पाणी हळूहळू बाहेर झिरपते आणि घोट्याभोवती सूज येते. मोज्याच्या रबराची खूण उमटते, जोडवी रुतायला लागते, सकाळी सैल असलेली चप्पल संध्याकाळी चावते. वर्षानुवर्षे असेच चालले तर शिरांचे पडदे ढिले पडतात आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घराण्यात असेल, वजन जास्त असेल, बाळंतपणे झाली असतील तर शक्यता वाढते. शिवाय उभ्या माणसाचा सगळा भार दोन तळपायांवर, म्हणजे प्रत्येकी 26 हाडांच्या एका कमानीवर असतो. त्या कमानीला खालून ताणून धरणारा जाड पट्टा दुखावला की टाच धरते. सकाळी उठून पहिली चार पावले टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखे होते आणि मग चालता चालता कमी होते, ते हेच दुखणे.

ही गोष्ट काही आजची नाही. इटलीतल्या मोडेना गावी बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होते. कामामुळे होणाऱ्या आजारांवर त्यांनी 1700 साली एक ग्रंथ लिहिला. त्यात उभ्याने काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अशा लोकांच्या पायांच्या शिरा फुगतात, जखमा होतात, आणि चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे माणसाला अधिक थकवते, हे त्यांनी सव्वातीनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. आपल्या वारकऱ्यांना हे पुस्तक न वाचताच ठाऊक आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आलेला वारकरी चालण्याची तक्रार करत नाही. पण दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहिल्यावर त्याच्या तोंडून ‘पाय भरून आले’ हे शब्द येतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या गर्दीत ज्या मराठी-कानडी बायका रांगेत उभ्या असतात, त्यांचाही अनुभव वेगळा नाही.

आपली भाषा तर याबाबत डॉक्टरांच्याही पुढे आहे. जेवण झाल्यावर घरातली माणसे म्हणतात, ‘जरा पाय मोकळे करून येतो.’ पाय आखडतात ते थांबल्याने आणि मोकळे होतात ते चालल्याने. सगळे शरीरशास्त्र या एका वाक्यात आले.

आता उपायांकडे वळू. आधी कामावरचे, कारण दुखणे तिथे सुरू होते. काउंटरमागे, मागापुढे किंवा फळ्यापुढे उभे असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी टाचा वर उचलून चवड्यांवर उभे राहावे, मग टाचा टेकवाव्यात. असे दहा-पंधरा वेळा करावे. कुणाच्या लक्षातही येत नाही आणि पोटरीचा पंप सुरू होतो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहण्यापेक्षा एक पाय चार-सहा इंच उंच वस्तूवर ठेवावा आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलावा. त्याने कमरेलाही आराम मिळतो. दुकानात लाकडी खोके चालते, घरी ओट्याखाली पाट चालतो, नाहीतर साधी वीट चालते. पायाखाली उघडी फरशी किंवा काँक्रीट असेल तर जाड रबरी चटई टाकावी. ती नसेल तर गोणपाटाची चौपदरी घडीही बरी, फक्त पाय अडकून पडणार नाही अशी बसवावी. मी स्वतः वर्गात प्लॅटफॉर्मवर थांबत नाही, बाकांमधून फिरत शिकवते. मुलांना वाटते मॅडम मोबाइल शोधत फिरतात. वाटू दे.

स्वयंपाकघराबद्दल थोडे जास्त बोलायला हवे. आमच्या आज्या चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करीत. धूर होता, गुडघे दुखत, ते दिवस परत यावेत असे कुणी म्हणणार नाही. मग ओटा आला आणि घरातली बाई उभी राहिली. पण ओट्याची उंची ठरवताना तिला बहुधा कुणी विचारले नाही. ओटा कोपरापेक्षा साधारण चार इंच खाली असावा. उंच असला तर खांदे भरून येतात, बुटका असला तर कंबर वाकते आणि पायांवर ताण येतो. भाजी निवडणे, लसूण सोलणे, कणीक मळणे, शेंगा फोडणे या कामांना उभे राहण्याची काय गरज? एक उंच स्टूल स्वयंपाकघरात कायमचे ठेवा. आणि घरातल्या पुरुषांनी ‘ती बसली म्हणजे काम झालं’ असा हिशेब करू नये. बसूनही काम होते.

पायातल्या चपलेचाही विचार करायला हवा. कोल्हापुरी चप्पल आपल्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा अभिमान. नाव कोल्हापूरचे असले तरी अथणी, निपाणी, चिक्कोडी भागातले कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या ती बनवत आले आहेत. म्हणूनच 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यात बेळगाव आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा दोन्ही राज्यांतून एकाच सुरात आवाज उठला. चालायला, मिरवायला ती चप्पल झकास. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, कमानीला आधार नसतो. दहा तास फरशीवर उभे राहायचे असेल तर टाचेखाली मऊ गादी, मागे पट्टा आणि कमानीला उठाव असलेली चप्पल किंवा बूट घ्यावा. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तेव्हा पाय थोडा मोठा झालेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. अगदी उंच टाच नको आणि अगदी पातळ स्लीपरही नको.

घरी आल्यावर पहिले काम, पाय वर करणे. जमिनीवर सतरंजी टाकून आडवे व्हावे आणि पाय उशांवर किंवा भिंतीला टेकवून छातीपेक्षा उंच ठेवावेत, पंधरा-वीस मिनिटे. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणे हे त्याच्या निम्म्या गुणाचे, पण काहीच नसण्यापेक्षा चांगले. पाय वर असताना घोटे गोल फिरवावेत, पंजे आपल्याकडे ओढावेत. पोटरीत गोळा आला तर चोळत बसण्याआधी पाय सरळ करून बोटे आपल्याकडे ओढून धरावीत, गोळा सुटतो. टाच दुखत असेल तर पाण्याची छोटी बाटली फ्रीजमध्ये गार करून तळपायाखाली पाच-दहा मिनिटे लाटण्यासारखी फिरवावी. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच पंजा ताणून घ्यावा, मग पाय जमिनीला लावावा.

गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणे हा तर घरोघरचा उपाय. त्याने बरे वाटते हे खरेच, पण ते उबेमुळे. मीठ काही दुखणे ओढून काढत नाही. काशाच्या वाटीने तूप किंवा तेल लावून तळपाय घासणे हेही तसेच. वाटी काळी पडते ती धातू आणि तेलाच्या घर्षणाने. अंगातली उष्णता बाहेर पडली असे आजी सांगते, तिला तसे सांगू द्यावे. चोळण्याने स्नायू सैल होतात, रक्त हलते, झोप शांत लागते, एवढा गुण पुरेसा आहे. चोळताना घोट्याकडून गुडघ्याकडे, खालून वर चोळावे. पाय सुजलेले असतील तेव्हा मात्र गरम पाण्यापेक्षा कोमट किंवा थंड पाणी बरे. आणि घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर ही सूचना पाटीवर लिहून ठेवावी: त्याच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी किती गरम आहे ते त्याला कळत नाही. पाणी दुसऱ्याने कोपर बुडवून पाहिल्याशिवाय त्यात पाय घालू नयेत. रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात.

पायांना घट्ट बसणारे खास मोजे मिळतात, घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाता जाता सैल होत जाणारे. उभ्याने काम करणाऱ्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ते पायाचे माप घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत आणि सकाळी सूज चढण्याआधी घालावेत. ज्यांच्या पायांना रक्तपुरवठाच कमी आहे त्यांना हेच मोजे अपाय करतात. विड्या-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी म्हणून आधी तपासून घ्यावे. थोडे चालले की पोटरी दुखते आणि थांबले की राहते, असे होत असेल तर तो शिरांचा नव्हे, रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा इशारा असू शकतो.

काही लक्षणांवर घरगुती उपाय करत बसू नये. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी तो पाय चोळायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जोडीला दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणही दवडायचा नाही. दोन्ही पाय रोजच सुजत असतील आणि जिना चढताना धाप लागत असेल तर हृदय, मूत्रपिंड तपासायला हवे. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, खाज सुटली, जखम भरेना, तर ती फुगलेल्या शिरेची जखम असते, मलमपट्ट्या बदलून वर्षे काढू नयेत. अशा शिरांवर आता लेझरसारखे उपचार आहेत, पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिनने, घोटे सुजतात. तसे वाटले तर डॉक्टरांना सांगावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि मेडिकलमधून रोज एक वेदनाशामक गोळी आणून खाण्याची सवय पोट आणि मूत्रपिंड दोन्ही खराब करते.

एवढे सगळे सांगितल्यावरही माझ्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न उरतोच. पाय वर करा हे ठीक, पण दिवसभर बसायलाच मिळत नसेल तर? हा प्रश्न मलमाचा नाही, परवानगीचा आहे.

केरळमधल्या बायकांनी तो नेमका असाच विचारला. कोझिकोड शहरातल्या मिठाई तेरुवू या गजबजलेल्या बाजारपेठेत विजी नावाची शिवणकाम करणारी बाई होती. दुकानांतल्या मुलींना लघवीला जायला जागा नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, इथून सुरुवात झाली. ‘पेनकूट्टू’, म्हणजे बायकांची संगत, अशी संघटना उभी राहिली. मग बसण्याचा प्रश्न आला. 2014 च्या अखेरीस त्रिशूरमधल्या साडीच्या एका दुकानातल्या महिलांनी संप केला आणि तो कित्येक आठवडे चालला. शेवटी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये केरळ सरकारने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती केली. कामाच्या ओघात बसण्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून प्रत्येक दुकानात बसण्याची सोय हवी, असे त्यात आले. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. इंग्लंडमध्ये तर 1899 सालीच दर तीन महिला विक्रेत्यांमागे एक आसन ठेवण्याचा कायदा झाला होता. युरोपातल्या अनेक देशांत किराणा दुकानातले पैसे घेणारे आजही खुर्चीवर बसूनच काम करतात, आणि त्यामुळे गिऱ्हाइकांचा अपमान झाल्याचे कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे कारखान्यांसाठी ही तरतूद पूर्वीपासून आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमात उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय करावी, असे लिहिलेले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही ती आली आहे. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराचे पाय दुखतात हे देशाने स्वातंत्र्यानंतर लगेच मान्य केले. दुकानातल्या मुलीचे पाय दुखतात हे केरळला मान्य करायला 2018 साल उजाडावे लागले. मध्ये सत्तर वर्षे गेली.

इथे निपाणीची आठवण येणे साहजिक आहे. तंबाखूच्या वखारींतल्या आणि विड्या वळणाऱ्या हजारो बायका तिथे संघटित झाल्या. त्यांच्यावर ‘युगांतर’ या गटाने 1982 साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ नावाचा माहितीपट केला. हातावर पोट असलेल्या बायकाही आपल्या अंगाच्या दुखण्याचा हिशेब मागू शकतात, हे आपल्या भागाने तेव्हाच पाहिले आहे. विडी वळणारीचे दुखणे मात्र उलटे. मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन, हजाराच्या भावाने विड्या वळत ती तासन्‌तास बसलेली असते. तिची मान, पाठ, गुडघे धरतात. तिला उठायला हवे आणि साडी दुकानातल्या मुलीला बसायला हवे. दोघींना हवे ते एकच आहे, शरीर सांगेल तेव्हा अंग बदलण्याची मोकळीक.

कुणी म्हणेल, आपला देवच उभा आहे. पंढरीचा विठोबा विटेवर समचरण उभा, आणि ज्ञानेश्वरांनी त्याला कानडा म्हटल्यामुळे तो आपल्या दोन्ही भाषांचा. पण तो उभा का राहिला, ती कथा नीट आठवावी. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्यांचे पाय चेपत होता. दारात देव आला तरी त्याने ते काम सोडले नाही. वीट पुढे सरकवली आणि ‘थांब’ म्हणाला. थकलेल्या माणसाचे पाय चेपणे हे देवाला वाट पाहायला लावण्याइतके मोठे काम आहे, असे सांगणारी ही कथा आहे. तिचा अर्थ आपण ‘उभे राहणे पुण्याचे’ असा लावला तर तो सोयीचा अर्थ होईल.

म्हणून दुकानदार बंधूंना एक विनंती. तुमच्यातल्या कित्येकांची मुले माझ्या वर्गात शिकून गेली आहेत, तेव्हा हक्काने सांगते. कायद्याची वाट पाहू नका. काउंटरमागे दोन माणसांत एक स्टूल ठेवा, गिऱ्हाईक नसताना बसायला सांगा, दुपारी दहा मिनिटे जास्त द्या, पाणी आणि स्वच्छतागृह यांची सोय करा. बसलेल्या मुलीने साडी कमी विकली जात नाही. दुखऱ्या पायांनी उभ्या असलेल्या मुलीच्या कपाळावरची आठी मात्र गिऱ्हाइकाला दिसते.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही काही करू शकतो. आपल्याला पाहून कुणी घाईघाईने उठले नाही म्हणून नाक मुरडू नये. ‘ती वरची, नाही ती त्याच्या खालची’ असे करत पन्नास साड्या काढायला लावण्याआधी रंग आणि किंमत मनाशी ठरवून जावे. सणाच्या खरेदीत समोरची मुलगी दमलेली दिसली तर तिच्या भाषेत तिला सांगावे, ‘बस गं जरा, मला घाई नाही.’ कानडी असेल तर ‘कुंद्रव्वा’. ती आधी मालकाकडे बघेल. तेव्हा मालकालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा एकदा सांगावे.